उचलायची बाग

जगात जे काही आहे ते उचलता आलं पाहिजे, आणि जे उचलता येत नाही ते कुणीतरी चुकीचं बसवलेलं आहे, असं छातीठोक मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मी चळवळीतली मुलगी. मोर्चे, धरणं, चौकसभा यांत हटवादी माणसं मला रोज भेटतात आणि त्यातली निम्मी तरी मला आरशात भेटतात असं घरचे म्हणतात. पण हट्टी माणसं एका जागी बसून असतात. मामांचा हट्ट बसून राहण्याच्या विरुद्धच होता. बसलेलं काही त्यांना बघवत नसे. मला या माणसाचा राग यायचा, हसू यायचं, आणि शेवटी दरवेळी तोंडात बोट घालून बघत राहण्याची पाळी यायची. हे लिहितेय तेही त्याच अवस्थेत.

मामांची उभी हयात शिरोलीच्या बाजूच्या एका फाउंड्रीत गेली. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं, ते थंड झालं की आतून जो राक्षस निघेल त्याला चेन-पुलीच्या आकड्याला लटकवायचं, अलगद उचलायचं आणि ट्रकच्या हौद्यात बाळाला पाळण्यात ठेवावं तसं ठेवायचं. उचलण्याचं आणि ठेवण्याचं काम मामांचं. त्यांच्या हातून आयुष्यात एकही नग घसरला नाही असं त्यांच्या बरोबरचे लोक सांगतात, आणि सांगताना आवाज खाली आणतात. मामांचा नियम एकच. आकडा मालाच्या बरोबर डोक्यावर पाहिजे, ओळंबा सोडल्यासारखा. तिरकं ओढून उचलणाऱ्या माणसाबद्दल मामा जे बोलत ते मला इथे लिहिता येणार नाही, आणि लिहिण्याच्या बाबतीत मी काही भिडस्त नाही.

नोकरी संपली, पण नजर काही संपली नाही. निवृत्त माणसं देवाधर्माला लागतात, मामा घराला कड्या बसवायला लागले. फ्रिजला लोखंडी पट्टा आणि वर कडी. कपाटाला दोन. शिलाई मशीनला एक. देव्हाऱ्याला पितळी, कारण देव. अंगणातल्या तुळशीवृंदावनाला चार कोपऱ्यांना चार. कोण आलं की ते आधी पाणी विचारत नसत, घरातली कुठली वस्तू किती मिनिटांत बाहेर निघेल ते सांगत. आत्या म्हणायची, ‘मला तेवढी कडी लावायची ऱ्हायल्या. लग्नात गळ्यात मंगळसूत्र घातलं तवा बी ह्यांनी जरा ओढून बघितलंतं.’ मामा यावर रागवायचे नाहीत. गंभीरपणे सांगायचे की ओढून बघितलं म्हणूनच इतकी वर्षं टिकलं.

माणसांचीही त्यातून सुटका नव्हती. मामा कुणालाही बघितलं की मनातल्या मनात वजन करत आणि मनातल्या मनात ठेवत मात्र नसत. माझ्या आत्येभावाचं लग्न ठरवायला मुलीचे वडील आले, तेव्हा घरातले सगळे सतरंजीच्या सुरकुत्या काढण्यात गुंतले होते. मामांनी पाहुण्यांचा हात हातात घेतला, जरा वर-खाली तोलला आणि म्हणाले, ‘पावणं, तुम्ही पंच्याऐंशीला हाय, पण भार सगळा डाव्या अंगाला टाकताय. उजवा गुडघा गेलाय न्हवं?’ आत्याने स्वयंपाकघरात कपाळावर हात मारला. पाहुणे मात्र हेलावलेच. दोन वर्षं गुडघा दुखत होता आणि घरात कुणाला पटत नव्हतं. मुलगी तिथेच दिली त्यांनी. अशा माणसाच्या घरात पोरगी पडायची नाही, असं व्याह्यांनी मंडपात सगळ्यांना सांगितलं.

आता माझ्या भांडणाचा मुद्दा. मामांचं घर पंचगंगेच्या काठच्या खोलगट भागात, पूररेषेच्या आत. आणि मी ज्या कामात आहे त्या कामाचं सारच असं आहे की नदीची जागा नदीला द्या. नदीच्या पोटात घरं बांधणारे, बांधू देणारे आणि बांधून झाल्यावर ‘पूर आला हो’ म्हणून गळा काढणारे अशा तिघांनाही मी पत्रकातून सोडलेलं नाही. त्या पत्रकात ‘हटवा’ हा शब्द ठळक छापला होता आणि त्या शब्दाच्या टप्प्यात माझ्या सख्ख्या आत्याचं घर येत होतं. ते पत्रक मी स्वतः जाऊन मामांच्या हातात दिलं. तत्त्व म्हणजे तत्त्व. मामांनी फाटकात उभं राहून ते दोन्ही बाजूंनी वाचलं, छापखान्याच्या नावासकट. मग म्हणाले, ‘बरं लिवलंयस, पुढारीणबाई. पण हटवा म्हनलीस, कुठनं धरायचं ते लिवलं न्हाईस.’

मला तेव्हा फार राग आला होता. नंतर कळलं की तो टोमणा नव्हता, त्यांना खरंच ती पत्रकातली त्रुटी वाटली होती.

मग एका पावसाळ्यात पाणी घरात शिरलं. आत्या-मामांना गच्चीवरून होडीत घेतलं, आणि परत आले तेव्हा भिंतीवर डोक्याच्या उंचीला चिखलाची रेघ होती. कड्या लावलेलं सामान मामांनी वेळेत वर नेलं होतं, चमचासुद्धा गेला नाही. गेली ती बाग. पेरू, लिंबू, अनंत, आत्याची जास्वंद, सगळी मुळं आठवडाभर पाण्यात कुजून काळी पडली होती. मामा पेरूसमोर कितीतरी वेळ उकिडवे बसले. आत्याने चिखल काढता काढता सांगितलं की आता पुरे, पोरगा पुण्याहून किती दिवस सांगतोय, वरच्या बाजूला कुठेतरी फ्लॅट घेऊ आणि सुखानं राहू. तिला पाण्याची भीती बसली होती. आकाश भरलं की तिला जेवण जायचं नाही, हे मी डोळ्यांनी बघत होते.

मामा उठले आणि म्हणाले, बाग उलथायची. पुण्याचा मुलगा फोनवर याला मेकओव्हर म्हणाला. आत्या म्हणाली, आधी राहायचं कुठं ते ठरवा. तेव्हा मामांनी ती पैज घातली. सगळ्यांच्या देखत, चिखलात उभं राहून.

‘पाणी आलं की समदी बाग उचलून गच्चीवर नेतो. एक झाड जरी मला उचलाय जमलं न्हाई, तर पाणी उतरल्या उतरल्या घर सोडायचं. आन् समदी उचलली, तर ह्या घरात परत जाऊया हा शब्द काढायचा न्हाई.’

आत्याने कोपरापर्यंत चिखलानं भरलेला हात पुढे केला. ती मूळची गडहिंग्लजकडची, तिकडे दिलेल्या शब्दावर बैलजोडी सोडतात. तिचं उरलेलं आयुष्य कुठे जायचं ते आता झाडांवर ठरणार होतं.

त्यानंतर मामांनी जी बाग केली तशी कोल्हापूर जिल्ह्यात दुसरी नसेल, असं मी लिहिते आणि पुरावा मागाल तर देते. त्यांनी गच्चीच्या कडेनं एक लोखंडी गर्डर बाहेर काढला आणि त्यावर सरकती चेन-पुली टांगली. गर्डरच्या बरोबर खाली, अंगणात एका ओळीत सहा खड्डे. खड्ड्यांना आतून विहिरीला घालतात तशा सिमेंटच्या रिंगा. आणि प्रत्येक रिंगेत बसेल अशी प्लॅस्टिकच्या पाण्याच्या मोठ्या टाकीची अर्धी कापलेली टाकी, भोवती लोखंडी पिंजरा, पिंजऱ्याला चार कड्या. पिंजरे शेजारच्या वेल्डिंगवाल्या चाचांनी केले. चाचा मामांचे चाळीतल्या दिवसांपासूनचे दोस्त. त्यांनी शेवटचा टाका मारून काच वर केली आणि विचारलं, ‘भाई, झाडं लावायल्यास का वाघ पाळायल्यास?’ टाकी पूर्ण जमिनीत, फक्त वितभर काठ वर. लांबून बघितलं तर झाड जमिनीतच उगवल्यासारखं. आत्या म्हणाली, बाग कसली, सगळी रांगेत उभी हायत, नुसता एस.टी. स्टँड वाटतोय.

आणि या टाक्यांत मामांनी लावले पाम.

मी तिथेच सायकल टाकून भांडायला उभी राहिले. पाम म्हणजे बंगलेवाल्यांची मिशी. सावली नाही, पाखरू नाही, फळ नाही, नुसता रुबाब. आपल्या मातीतली झाडं सोडून फॉक्सटेल आणि बॉटल पाम आणणाऱ्या घरांचा मी जाहीर निषेध केलेला आहे, आणि इथे माझ्याच घरात कोल्ह्याच्या शेपट्या. मामांनी मला बोलू दिलं. मोर्चासमोर शांत उभे असलेले फौजदार असतात तसे. मग म्हणाले, ‘आंबा उचलून दाखव की. सोटमूळ पाताळात जातंय, तोडलं की मेला. पामाला सोटमूळ न्हाई. मुळ्या दाढीसारख्या, गोळा करून बसतंय. कवा बी म्हण, ऊठ, की उठतंय.’ मला हे तपासून घ्यावं लागलं आणि दुर्दैवाने ते बरोबर निघालं. तरी मी माघार घेतली नाही. सहापैकी एक तरी झाड इथलं पाहिजे अशी अट घातली आणि गडहिंग्लजच्या रस्त्यावरच्या ओढ्याकाठचं शिंदीचं पोर रीतसर विचारून आणून दिलं. शिंदीही पामाच्याच घरातली, पण तिच्यावर सुगरणी घरटी बांधतात. मामांनी तिला दोन्ही हातांनी उचलून जोखलं आणि ओळीत शेवटची जागा दिली.

भांडण पुढे नेण्यासाठी मी म्हटलं, मामा, एवढा खटाटोप करण्यापेक्षा पाणी न येणाऱ्या जागी झाडं लावावीत, साधी गोष्ट आहे. तर त्यांनी मला नृसिंहवाडीचं सांगितलं. दत्ताचं देऊळ तिथे अगदी नदीला टेकून. दरवर्षी पाणी चढतं, देवळात शिरतं, आणि मग उत्सवमूर्ती उचलून वर नेऊन ठेवतात. पाणी उतरलं की देव परत खाली. ‘देवानं कवा म्हनलंय का, मला डोंगरावर बांधा? पाणी आलं की उठायचं, गेलं की बसायचं. मान ऱ्हातोय दोघांचा बी.’ हे ऐकल्यावर मी घरी येऊन पुढच्या पत्रकाचा मसुदा उघडला आणि तसाच मिटला.

मामांची चूक झाली ती पुढे. आणि ती चूक फाउंड्रीतल्या माणसाशिवाय आणि उसाच्या मुलखातल्या माणसाशिवाय कुणाच्या हातून होणं शक्य नाही. उचलायचं म्हणजे वजन कमी पाहिजे. म्हणून त्यांनी टाक्यांत माती जवळजवळ घातलीच नाही. गुऱ्हाळावरून उसाच्या वाळक्या चिपाडांचा भुसा आणला, त्यात नारळाचा भुसा, थोडं शेणखत. झाड कलंडू नये म्हणून तळाशी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तुकड्यांचा थर. आणि मागच्या पुरात मुळं कुजली ती खालून आलेल्या पाण्यानं, म्हणून टाकीच्या तळाला एकही भोक ठेवलं नाही. थेंब आत येता कामा नये. जास्तीचं पाणी काढायला टाकीत एक उभी नळी, आणि ट्रकवाले डिझेल काढतात तसं मामा रोज सकाळी नळी तोंडाला लावून पाणी ओढून काढत. ओळीनं सहा पाम, ओळीनं सहा चुळा. आत्या चहा घेऊन मागे उभी असायची, कारण शेणखताच्या पाण्यानंतर चहा लागतोच. वरून पाऊस आत जाऊ नये म्हणून फ्लेक्स. आमच्या गावात फ्लेक्सला तोटा नाही, वाढदिवस रोज कुणाचातरी असतोच आणि माझी तक्रार महापालिकेत धूळ खात पडलेलीच आहे. मामांनी ते उतरवलेले फ्लेक्स गोळा करून बुंध्याभोवती परकरासारखे बांधले. त्यामुळे प्रत्येक पामाच्या पायाशी एक भावी नगरसेवक हात जोडून हसत होता.

उन्हाळ्याच्या शेवटी एका रविवारी रंगीत तालीम झाली. गल्ली जमली. मामांनी आकडा पहिल्या पामाच्या बरोबर डोक्यावर आणला, एक डोळा मिटून ओळंबा बघितला, आणि साखळी ओढायला लागले. जमिनीतून टाकी वर यायला लागली. झाड सरळ, पान हलत नाही. माणसाएवढा पाम हळूहळू खिडकीशी आला, खिडकीच्या वर गेला, गच्चीच्या कठड्यावरून आत झुकला आणि उतरला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, लपवत नाही. उघड्या आभाळात लटकलेलं झाड मी पहिल्यांदाच पाहत होते. टाळ्या थांबल्यावर माझं लक्ष आत्याकडे गेलं. ती पायरीवर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आता आपण या घरातून कधी जाणार नाही, हे तिला त्या क्षणी कळलं होतं.

पाऊस लागला, नदी पात्राबाहेर आली, गल्ली रिकामी करा म्हणून गाडी सांगत फिरली. मी म्हटलं, मामा, आता उचला. ते म्हणाले, फाटकाला पाणी लागल्याबिगर हात लावणार नाही. आधीच उचलायचं म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षेला बसायचं. मग मी आमच्या पोरापोरींबरोबर होडीच्या कामाला गेले. त्या सकाळी काय झालं ते मला आत्याने सांगितलं आणि नंतर चाचांनी, आणि दोघांचं तंतोतंत जुळतं.

आत्या स्वयंपाकघरात भाकऱ्या बांधून घेत होती. खिडकीतून बघितलं तर रोज खाली दिसणारी पामाची शेंडी खिडकीच्या गजांना लागलेली. ती म्हणाली, अहो, झाडं वाढल्यात का? मामा म्हणाले, पावसाचं वाढतंयच. ती म्हणाली, सकाळपास्नं हातभर? तेव्हा मामा बाहेर आले. अंगणात पाणी नुसतं तळपायाला लागत होतं, पण जमिनीच्या आत ते केव्हाच भरलं होतं. रिंगांतून वर येत होतं. आणि त्या पाण्यावर सहाच्या सहा टाक्या, भुशानं हलक्या आणि तळाला भोक नसलेल्या, आपापल्या खड्ड्यातून उठत होत्या. आवाज नाही, धक्का नाही. सगळ्या एका मापानं.

मामांनी घाईनं पहिल्या पामाला आकडा अडकवला आणि साखळी ओढली. साखळी सैल. ओढतायत तर हाताला वजनच लागेना. ज्या माणसानं चाळीस वर्षं हाताच्या तळव्यानं टन मोजले त्याच्या हातात रिकामी साखळी आली. पाणी गुडघ्याला आलं आणि टाक्या खड्ड्यांतून पूर्ण सुटल्या. मग मात्र पंचाईत झाली. टाकी आकड्याच्या खाली उभी राहीना. मामा तिला धरून गर्डरखाली आणत, एक डोळा मिटत, तोवर ती वितभर सरकलेली असायची. परत आणत, परत सरकायची. चाचा आपल्या माळ्यावरून ओरडून सांगत होते की भाई, ओढ तिरकं, काय होत नाही, ओढ. मामांनी ओढलं नाही. धार काढताना गुरं थोपटतात तशी टाकी थोपटत तिला म्हणत होते, ‘जरा थांब की गं. एवढंच. जरा थांब.’ पाणी कमरेला आलं तरी तेच चाललं होतं. तिरकं ओढलं असतं तर निदान दोन-तीन तरी वर गेली असती. आत्यानेसुद्धा जिन्यावरून सांगितलं, ओढा म्हणून. ज्या झाडांवर तिची सुटका अवलंबून होती तीच उचला म्हणून ती सांगत होती.

आमची होडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा कंपाउंडची बुटकी भिंत पाण्याखाली गेली होती. आणि भिंतीवरून पाम बाहेर पडत होते. मी मिरवणुका पुष्कळ पाहिल्यात, ढोल, लेझीम, लाखांचे पोशिंदे म्हणवणारे पुढारी, सगळं. असली मिरवणूक पाहिली नाही. ना पुढे कोण, ना मागे कोण. मातकट पाणी, वर पडता पाऊस, आणि सहा झाडं सरळ उभी, एकेक हळूच स्वतःभोवती फिरत, दोन्ही बाजूंच्या बंद घरांसमोरून चाललेली. बुंध्याशी भावी नगरसेवक गल्लीला हात जोडत चाललेले. होडीतलं कुणीतरी हसायला लागलं आणि मधेच थांबलं. वल्हवणाऱ्यानं वल्हं वर धरलं आणि आम्ही त्यांना वाट दिली. शिंदी सगळ्यात मागे होती, माझ्या हाताला लागेल इतक्या जवळून गेली.

मामा जिन्यावर छातीभर पाण्यात उभे होते. मला वाटलं त्यांच्या चेहऱ्यावर हार दिसेल. ते लहान मुलासारखं तोंड उघडं टाकून बघत होते. होडीत घेताना त्यांनी माझा दंड धरला आणि कुजबुजल्यासारखं म्हणाले, ‘बघितलीस? कुठनं धरलं बी न्हाई. आन् उचललं.’

पाणी उतरलं तेव्हा पाम गल्लीभर ठिकठिकाणी बसलेले होते. एक रेशन दुकानाच्या पायरीवर, एक ट्रान्सफॉर्मरजवळ, तीन एकमेकांना खेटून पिठाच्या गिरणीसमोर. शिंदी चाचांच्या दारात, वेल्डिंगच्या मशीनशेजारी. सगळे हिरवे. एकाचंही मूळ कुजलेलं नव्हतं. पुण्याच्या मुलाचा फोन आला, म्हणाला, बाबा, सगळी वाचली म्हणजे तुम्हीच जिंकलात, आता काय बोलणार आम्ही. आणि खरंच, त्या दिवशी मामा जिंकलो म्हणाले असते तर कुणीही हूं का चूं केलं नसतं. आत्यानेही नाही. ती भिंतीचा चिखल खरवडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘ऱ्हाऊया की वो. तुमची बाग हाय. माझं काय, भ्यायची सवय झाल्या.’

मामा म्हणाले, ‘मी एक बी उचललं न्हाई. पाण्यानं उचलली. पैज मी उचलायची हुती.’

पाम परत आणायलाही त्यांनी नकार दिला. ज्याच्या दारात जे बसलंय ते त्याचं, एवढंच बोलले. चाचांनी शिंदीसाठी दारातली फरशी फोडून जागा केली आणि मामांना बोलावून दाखवली. मामांनी भोक किती मोठं पाडलंय ते बघितलं आणि चाचांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. महिन्याच्या आत घर बंद झालं. आत्या, जी किती वर्षं हे मागत होती, ती टेम्पोत बसताना इतकी रडली की शेवटी ड्रायव्हरनं तिला पाण्याची बाटली दिली.

आता ते वरच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहतात. हवा चांगली, लिफ्ट आहे, पाण्याचा प्रश्न नाही. आत्या पावसात झोपते, जेवते, शेजारणींबरोबर पापड लाटते. तिच्या चेहऱ्यावर जे आलंय ते बघून मला माझ्या कामाबद्दल शंका राहत नाही. माझ्या पत्रकातल्या ‘हटवा’ला हो म्हणून आपलं आपण उठलेलं ते पहिलं घर. सभेत मी त्याचं उदाहरण द्यावं असं आमचे कार्यकर्ते म्हणतात. मी अजून दिलेलं नाही.

या पावसाळ्यात नदी पुन्हा बाहेर आली. मामांचा फोन आला की जरा गाडीवरून खाली नेऊन आणतीस का. मी नेलं. जिथे रस्ता पाण्यात जातो तिथे दोरी बांधलेली होती आणि बघ्यांची गर्दी. लोक मोबाइलवर पाणी टिपत होते, भज्यांची गाडीसुद्धा लागली होती, ज्याच्यावर एरवी मी बोलले असते. मामा गर्दीतून पुढे गेले आणि दोरीशी उभे राहिले. तिथून घराचा गच्चीकडचा भाग दिसतो. पाणी खिडकीच्या वर गेलेलं. बाकीच्यांचं बघून झालं, लोक पांगले, दुसरे आले, तेही पांगले. मी दोनदा हाक मारली. शेवटी गाडी सुरूच ठेवून जवळ नेली आणि म्हटलं, मामा, भिजताय, आणि बघण्यासारखं काही नाही, तुम्ही दोघं वर सुखरूप आहात ना.

त्यांनी मान हलवली. मग घराकडे बघतच म्हणाले, ‘आजवर दर पाण्याला मी हुतो आत. आज एकटंच हाय की गं ते.’

मी गाडी बंद केली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.